काचेचे धागे

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. सोलापुरात आमच्या दवाखान्यात पोट आतून बघायची काचतंतूंची नळी नवीच आली होती. मी शिकाऊ डॉक्टर होतो. चादरी विणणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दातांत नळी वाचवणारा ठोकळा बसवायला मी विसरलो. उबळ आली आणि तो नळीला चावला. तंतू तुटले, नळीतून दिसणाऱ्या चित्रात काळे ठिपके उमटले.

"पेशंटनं ऐकलं नाही," मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते त्याच्यावर ओरडले.

तोंड पुसत तो ओशाळून माझ्याजवळ आला. "चुकलं, सायेब. तुटल्यालं धागं द्या, जोडून देतो की. आमचा धंदाच हाय."

"काचेला गाठ बसत नाही, बाबा."

त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्यापायी तुमास्नी बोलणी नकोत."

तो फाटकाबाहेर गेला. "बाबा, ठोकळा मीच विसरलो, माफ करा," हे माझ्या तोंडातच राहिलं.