दोन ओळींवरचं नाव

परतूर तालुक्यातल्या आष्टीत सुमेधाबाईंनी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवला. किनारा, कडे, लाटांनी पोखरलेल्या गुहा, सगळं फळ्यावर, खडूनं. खरा समुद्र पाहिला तो गेल्या जानेवारीत, शाळेच्या सहलीत.

सहलीत होडीनं एका बेटावर गेल्यावर तिथल्या कड्याला हात लावून बाई मुलांना म्हणाल्या, हा तर आपलाच काळा दगड. वर चढल्यावर एक लेणं होतं आणि दाराशी खडकात खोदलेलं टाकं. चहूकडे खारं पाणी नि मधे हे गोड. कोण्या भिक्खुणीनं येणाऱ्याजाणाऱ्या खलाशांसाठी ते खोदवलं, असं वर जुन्या लिपीत दोन ओळींत कोरलेलं होतं. तिथल्या फलकावर त्याचा अर्थ दिला होता. बाई बराच वेळ तिथंच बसल्या. त्यांच्या आजीला गावच्या आडात घागर बुडवायची बंदी होती. कोणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं. आणि इथं एका बाईनं जातपात न विचारता पाणी ठेवलं होतं.

परत आल्यावर शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. सहलीचे प्रमुख जगन्नाथ सर ऐटीत उभे आणि मागं, नेमक्या त्या दोन ओळींवर, लाल ऑइलपेंटनं 'आष्टी, जि. जालना'. सामानावर नंबर टाकायला नेलेला रंगाचा डबा होता तो! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुसून या, असं त्यांनी भर स्टाफरूममध्ये सांगितलं. सर हसले. त्या रेघोट्या होत्या म्हणे, आणि गावाचं नाव समुद्रापर्यंत गेलं, वाईट काय झालं? मुख्याध्यापकांनी विषय मिटवला. शिकलेल्या माणसाला अडाणीपणा शोभत नाही, एवढंही कोणी बोललं नाही.

रविवारी बाई सरांच्या नव्याकोऱ्या घरासमोर गेल्या. तोच डबा शाळेतून उचलून आणला होता. फाटकाशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर त्यांनी ठळक लिहिलं, 'आष्टी, जि. जालना'. सर धावत बाहेर आले. बाईंनी तारेचा ब्रश त्यांच्या हातात दिला. "घासा."

सर घासू लागले. लाल रंग निघेना, निघाला तो गिलावा.

"बाई, भिंत चालली ना माझी."

"तुमचा गिलावा उद्या गवंडी लावून जाईल," सुमेधाबाई म्हणाल्या. "त्या दोन ओळी पुन्हा कोरायला ती बाई आता येणार न्हाई."