लाल चिमटा

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे चिमटाताई म्हणत. ओढणीच्या टोकाला कपडे वाळत घालायचे चार-पाच चिमटे कायम लटकलेले, आणि बोलण्यातही तीच तऱ्हा. धरलं की सोडायचं नाही. सतरा वर्षं तिने रोजंदारीवर चादरी धुतल्या. आता मुकादमाची कायम जागा निघाली होती, पण मुलाखत नव्या मोठ्या बाईंपुढे, तीही इंग्रजीतून. शब्द तिला ढीगभर यायचे, घोडं अडायचं ते रांगेत. "आय शीट्स वॉश," असं म्हणाली की इस्त्रीवाला इस्त्री बाजूला ठेवून हसायचा.

"अगं, आपल्या बोलण्यात काम शेवटी येतं," तो एकदा म्हणाला. "त्यांच्यात माणसापाठोपाठ काम. चादर थांबेल मागे."

चिमटाताईने हे असं मनावर घेतलं की विचारू नका. घरच्या गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्यांवर चिठ्ठ्या लटकल्या, एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द. कामाच्या शब्दाला लाल चिमटा, बाकीच्यांना निळे. लाल नेहमी दुसरा. रोज संध्याकाळी ती दोरीपाशी उभी राहून मोठ्याने वाचायची, आणि सासूबाई मटार सोलता सोलता कुरकुरायच्या, "कपड्यांनी आता कुठं जायचं?"

मुलाखतीच्या आदल्या दिवशी वारा सुटला. सासूबाईंनी जन्माच्या सवयीप्रमाणे सगळं काढून आणलं. छोट्या चिठ्ठ्या छोट्यांत, मोठ्या मोठ्यांत, प्रत्येकीची चौघडी, आणि वर गादीचं वजन.

चिमटाताई घरी आली ती दोरी रिकामी बघून जागीच थिजली. "अहो आई, माझी वाक्यं?"

"घातल्यात की घड्या. एक चुरगळू दिली नाही."

"उद्या माझी जागा जायची वेळ आलीय आणि तुम्ही घड्या घालताय! तुम्हाला काय कळतंय अक्षरातलं!"

म्हातारी उठून आत गेली. चिमटाताईला शब्द परत घेता आला नाही. वाईट वाटत होतं, पण राग त्याहून मोठा होता.

सकाळी गॅलरीत बघते तर चिठ्ठ्या पुन्हा दोऱ्यांवर. घड्या उलगडून, हाताने दाबून सपाट केलेल्या. शब्द कुठले कुठे. एका दोरीवर तर नुसत्या 'शीट्स'च्याच चिठ्ठ्या. पण प्रत्येक दोरीवर लाल चिमटा बरोबर दुसऱ्या जागी. चिमटाताईला हसू आलं आणि मग डोळे भरले. तिने एक लाल चिमटा ओढणीत खोवला आणि निघाली.

मोठ्या बाईंनी विचारलं, इथे तुम्ही काय करता. तिने चिमटा मुठीत घट्ट धरला. "आय," ती म्हणाली, चिमटा दाबला, "वॉश," आणि मग सावकाश, "शीट्स." पुढची वाक्यं त्याच्यामागे चालत आली. काही धडपडली, पण आली. बाईंनी तिथेच सांगितलं, पुढच्या सोमवारपासून मुकादम.

घरी सासूबाई कपडे वाळत घालत होत्या. मागे न वळता त्यांनी विचारलं, "लाल दुसराच लावलास ना?"

"दुसराच, आई. मिळाली जागा."

"बरं झालं." त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि कमरेच्या पिशवीतून एक कोरी चिठ्ठी काढून पुढे केली. "आता यावर माझं नाव लिही. सत्तर वर्षांत कसं दिसतं ते बघितलं नाही."