पिशवीकाकांचा भोपळा

भोपळ्याच्या कळ्यांना कागदी पिशव्या घालणारा माणूस मी बडोद्यात, कारेलीबागेत, आमच्या सोसायटीतच पाहिला, आणि पाहून थक्क झाले. "काका, फुलांना थंडी वाजते का हो?" मी विचारलं. पिशवीकाका दोरा बांधता बांधता म्हणाले, "मधमाशी कुठल्या वेलीचा पराग कुठे नेईल, सांगता येतं का? उद्या उमलणारी कळी आजच झाकायची, बेटा. नरही आणि मादीही."

रिफायनरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळी सात वाजता फुलांची लग्नं लावी. नरफुलाच्या पाकळ्या सोलायच्या, आतल्या दांड्यावरची पिवळी भुकटी मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायची, की पुन्हा पिशवी. "शांतिथी, सावकाश, घाई नाय," हे ते फुलाला सांगत. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली आधीपासूनच चिमुकला भोपळा असतो आणि पराग पोचला नाही तर तो पिवळा पडून गळतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. चांगलीच लाज वाटली.

हा सगळा खटाटोप आईच्या भोपळ्यासाठी होता. लांब मानेच्या त्या भोपळ्याचं बी त्यांची आई लग्न होऊन जुन्या शहरातल्या घडियाळी पोळाच्या गल्लीत आली तेव्हा माहेरून घेऊन आली होती. एका वर्षी डब्यातलं बी उंदरांनी खाल्लं. उरली एकच वेल. त्यातच काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "उद्या तू कर. तुला जमतंय आता," असं म्हणून त्यांनी दोरा माझ्या हातात दिला.

सकाळी पाहते तर मादीफूल उमललेलं आणि आमच्या वेलीवर नरफूल एकही नाही. वाघोडियाला जाणारी कंपनीची बस दहा मिनिटांत येणार होती. कुंपणापलीकडे शेजारच्या बंगल्याची गोल भोपळ्याची वेल नरफुलांनी भरली होती. भोपळ्याचंच तर फूल, म्हणून मी एक तोडलं, पराग लावला, पिशवी बांधली आणि बस गाठली.

फळ धरलं. पुढे पानांवर भुरी रोग पडून वेल गेली, पण तो एक भोपळा पिकला, चांगला लांब मानेचा. माझा जीव भांड्यात पडला. काका त्यावरून हात फिरवत म्हणाले, "फळ आईवर जातं. बाप आत बियांत असतो, तो पुढच्या वर्षी दिसतो." मी हसून मान डोलावली. त्यांनी बी वाळवून दोन पाकिटं केली, एक मला, एक पुण्याच्या लेकीला. दोन्हींवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आईचा भोपळा. शुद्ध.'

त्याच हिवाळ्यात, सकाळचा चहा घेता घेता, काका गेले. कुणाला काही कळायच्या आत.

पुढच्या हंगामात मी ते बी पेरलं. पहिला भोपळा आला तो बसका, गोल, हिरव्या पट्ट्यांचा. दुसराही तसाच. काकांचं ते वाक्य मला तेव्हा समजलं, वेलीपाशी मातीत बसल्या बसल्या.

आठवड्याने त्यांच्या लेकीचा फोन आला. "ताई, आजीचा भोपळा असा गोल कसा आला गं? बाबांनी तर शुद्ध लिहिलंय."

मी सगळं सांगितलं. बस, शेजारची वेल, सगळं.

"बाबांना सांगितलं होतंस?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.