कान तपासायलाही एमएस्सी लागते?

आमच्या ऑडिओलॉजी विभागात फायलींपेक्षा किस्से जास्त साठलेत. चहाला बसलं की कुणीतरी चिडून सुरू होतंच!

मी सुरतच्या नवागामची. बारावी सायन्सनंतर या डिग्रीला प्रवेश घेतला, तेव्हा काका म्हणाले, "कान साफ करायला चार वर्षं? फुटपाथवरचा माणूस चार मिनिटांत करतो!"

"काका, आम्ही मळ काढत नाही. ऐकू किती येतं, ते मोजतो."

"त्यात मोजायचं काय? येतं, नाहीतर येत नाही!"

*

एमएस्सीच्या फॉर्मसोबत डिग्री, कौन्सिलची नोंदणी आणि इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट लागतं. माझी इंटर्नशिप संपायला अकरा दिवस होते आणि फॉर्मची मुदत परवा संपत होती.

"अकरा दिवसांसाठी माझं वर्ष घालवणार?" मी विचारलं.

खिडकीतले भाई शांतपणे म्हणाले, "वर्ष कुठे जातंय, बेन? पुढच्या वर्षी फॉर्म परत निघणारच ना!"

गेलं वर्ष!

*

माझी मैत्रीण हेतल. एमएस्सीच्या इंटरव्ह्यूत तिच्या आधी आत गेलेल्या मुलाला श्रवणयंत्रांवर प्रश्न. हिला काय, तर "लग्नानंतर प्रॅक्टिस सोडणार असशील, तर सीट कशाला अडवतेस?"

हेतल म्हणाली, "सर, हे सिलॅबसच्या कुठल्या युनिटमध्ये येतं?"

वेटिंग लिस्टमध्ये शेवटचा नंबर मिळाला. तरी तिने सीट मिळवलीच!

*

दोघींची एमएस्सी झाली. मी पांढरा कोट घालून पहिल्याच पेशंटसमोर उभी राहिले. भेस्तानचे आजोबा होते.

"डॉक्टर कधी येणार?"

"आजोबा, तपासणी मीच करणार."

"बरं बरं. ते येईपर्यंत तू मशीन गरम करून ठेव!"

*

एक किस्सा मात्र त्याआधीचा. डिग्रीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला पेशंट आपला आपण आणायचा होता. मी पप्पांना नेलं. सव्वीस वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात काढलेली. काचेपलीकडे त्यांना हेडफोन लावून बसवलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम.

मी मशीनची कळ दाबून आवाज सोडला की पप्पा लगेच बटण दाबायचे. अगदी बारीक आवाजालाही!

परीक्षक मॅडमनी रिपोर्ट पाहिला. "सव्वीस वर्षं लूमवर, आणि कान विशीतल्या मुलासारखे?"

त्या आत गेल्या, पप्पांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. "आता कर."

मी आवाज वाढवत गेले, खूप वाढवला. बटण दाबलंच जाईना.

बाहेर आल्यावर पप्पा हिरमुसले होते. "पोरी, मार्क कापले का गं? तुझा हात दिसत होता तोवर मी एकसुद्धा चुकू दिला नव्हता!"