शिमग्याआधीचं सारवण

आमच्या घरात माझ्या कामाला एकच नाव होतं, कचरा. ते आईने ठेवलेलं, आणि त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. मी मुरुडच्या शाळेत चित्रकला शिकवते हे ती गावभर मिरवून सांगायची. पण सुट्टीच्या दिवशी मी पिशवी घेऊन किनाऱ्यावर निघाले की दारातूनच हाक मारायची, "चालली माजी बाय कचरा उचलाया! ग्रामपंचायतीनं ठेवलीय का तुला?"

भरती ओसरली की आमच्या वाळूवर एक लांब ओळ मागे राहते. जोडी हरवलेल्या चपला, निळ्या दोराचे गुंते, जाळ्याची तुटकी बुचं, लाटांनी घासून गुळगुळीत केलेली काच, होड्यांच्या फळ्यांचे तुकडे आणि त्यात अडकलेले गंजके खिळे. मी ते वेचून आणायचे आणि विहिरीच्या पाण्यात भिजत घालायचे. खार राहिला तर पावसाळ्यात चित्राला घाम फुटतो आणि बसवलेलं सगळं सुटून येतं. मग प्लायवर माती, वाळू, चुना असा जाड थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यात या वस्तू दाबायच्या. रंग अगदी शेवटी, तोही हात राखून.

"घरातला कचरा मी भायेर काडते आनि ही भायेरचा घरात आनते," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सगळे हसायचे. मी फणफणत आत निघून जायचे, कारण हसण्यावारी नेण्याइतका समजूतदारपणा माझ्यात कधीच नव्हता. परक्या माणसांनी चित्राला नावं ठेवली तर मला फारसं काही वाटत नसे. आईने मात्र एकदा तरी माझ्या चित्रासमोर उभं राहावं, नीट बघावं, असं फार वाटायचं. तेवढं एक तिने कधी केलं नाही.

वडील गेल्यावर दादाने अंगणात फरशी घातली. आईचे गुडघे दुखतात, तिला आता सारवायला लागू नये, हा त्याचा चांगला विचार. दादा मासेमारी करतो. त्याला सगळं होडीसारखं, पाइप मारला की स्वच्छ होणारं आवडतं. फरशीचं आईने कौतुक केलं, पण सण जवळ आला की ती त्या फरशीवर उगीच येरझाऱ्या घालायची. तिच्या हाताला काही कामच उरलं नव्हतं. "हात फिरे तिथं लक्ष्मी वसे" ही म्हण तिच्या तोंडात कायम असायची, आणि फरशीवर हात फिरवून काय होणार?

मलाही त्या अंगणाची आठवण यायची, पण माझं कारण वेगळं होतं. आई सारवायची तेव्हा तिची चार बोटं मातीत अर्धगोल उमटत जायची, एकात एक, जिताडा माशाच्या अंगावर मोठे खवले असतात ना, तसे. तो पोत मला चित्रात हवा होता. मी कंगवा वापरून पाहिला, काटा-चमचा वापरला, स्वतःची बोटंही वापरली. माझं सारवण मांजराने ओरबाडल्यासारखं दिसायचं. शेवटी एका रविवारी मी पडवीत मोठा प्लाय आडवा टाकला, लाल माती कालवली आणि आईला म्हटलं, "आये, जरा हात फिरव ना ह्याच्यावर."

तिने मातीचा वास घेतला. "ह्यात श्यान कुठं हाय?"

"शेण नाय घातलं. गोंद घातलाय, सुताराचा. म्हणजे टिकंल."

"सारवन कशाला टिकाया पायजे? सन आला की परत करायचं." पण बसली. गुडघा धरून, कण्हत बसली आणि मग कण्हायचं विसरली. मनगट न उचलता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिचा हात गेला आणि माझ्या प्लायवर आमचं जुनं अंगण आलं. मी आनंदाने तिचे मातीचे हात धरले. ती म्हणाली, "सोड. आता लाव तुजा कचरा."

मी पुढचे कितीतरी दिवस त्या चित्रावर काम केलं. माती ओली होती तोवरच तिच्या खवल्यांच्या मधे मधे काच, बुचं, फळीचे तुकडे बसवले, बरीचशी जागा मोकळी ठेवली. वाळताना एका कोपऱ्यात माती तडकली आणि बारीक भेगांचं जाळं पडलं. त्या भेगा मला फार आवडल्या. मुद्दाम केल्या असत्या तर इतक्या छान जमल्या नसत्या. शिमगा झाला की अलिबागला एका प्रदर्शनात हे चित्र लावायचं ठरलं होतं. मी ते मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलं.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी शाळेत होते. संध्याकाळी एसटीने घरी आले तर दादा दारातच उभा.

"घाबरू नको," तो म्हणाला, "म्या सगळं निस्तरलंय."

झालं होतं असं. आईने त्या भेगा पाहिल्या. सणाच्या तोंडावर घरात तडकलेलं सारवण म्हणजे त्या घरातली बाई आळशी, हे तिच्या हाडीमांसी भिनलेलं. तिने शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं, भाताचं तूस घालून माती कालवली आणि चित्र पुन्हा सारवून काढलं. मग दमून आत जाऊन झोपली. दादा दुपारी किनाऱ्यावरून आला तर चित्रावर ओला शेणकाला. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, असं त्याला वाटलं. प्रदर्शन तोंडावर आहे हे त्याला माहीत होतं. त्याने मोटर लावली आणि होडी धुतात तसं चित्र धुतलं. खालचा माझा गोंदाचा थर दगडासारखा घट्ट होता, त्याला काही झालं नाही. वरचा सगळा थर नारळाच्या आळ्यात वाहून गेला.

मी पडवीत जाऊन पाहिलं. चित्र जसंच्या तसं होतं, भेगांसकट. माझा जीव भांड्यात पडला. "वाचवलंस रे दादा!" असं मी ओरडले, आणि आम्ही दोघं मोठ्याने हसलो. आई आत चुलीपाशी पुरणपोळ्या करत होती. ती बाहेर आली नाही. मी आत गेले तेव्हा खाली मान घालून एवढंच म्हणाली, "चुकलं गो बाय. भेगा पडल्या हुत्या, म्हनून." मी म्हटलं, असू दे. एवढ्यावर तो विषय संपला.

अलिबागला लोक त्या खवल्यांपाशी थांबायचे, बोट लावून बघायचे. मी प्रत्येकाला सांगत होते की ही माझ्या आईची बोटं आहेत. आई मात्र प्रदर्शनाला आली नाही. "मी कशाला? परत कायतरी बिघाडीन," म्हणाली. मला वाटलं, चेष्टा करतेय.

त्याच पावसाळ्यात तिला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द शोधून काढल्यासारखं.

पाऊस सरल्यावर मी नारळाची आळी उकरत होते. एका आळ्यात मातीची ढेकळं लागली, वाळलेली, आत तूस दिसत होतं. फोडलं तर आत शिशाची गोळी. जाळं बुडावं म्हणून खालच्या दोराला ओवतात ती. मग आणखी दोन निघाल्या. मग काळ्या खापराचा तुकडा, आणि हिरव्या बांगडीचे तुकडे. मी किनाऱ्यावरून कधी शिसं आणलेलं नव्हतं. खापर मी ओळखलं. आई ज्या खापरीवर आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या भाजून घालायची ती तडकली, तेव्हा तिने तुकडे फडक्यात बांधून फळीवर ठेवले होते. तिथेच वडिलांच्या जुन्या जाळ्याच्या गोळ्या होत्या. आणि वडील गेले त्या दिवशी फोडलेल्या बांगड्यांचे तुकडे तिने उचलून ठेवले होते, हे मला तेव्हाच, मातीत बसून कळलं.

मी दादाला हाक मारली. त्याने तुकडे हातात घेतले आणि त्याचा चेहरा उतरला. "हां, कायतरी खुपसलेलं होतं गो त्या शेनात. वळीनं. मना वाटलं तुजंच हाय, सुटून वर आलंय."

"आणि माझ्या वस्तू? त्या झाकल्या होत्या तिनं?"

"न्हाय, त्या तशाच दिसत हुत्या," तो म्हणाला. "आजूबाजूनं सारवलेलं."

म्हणजे तिने माझं चित्र बुजवलं नव्हतं. भेगा लिंपून, मी मोकळ्या सोडलेल्या जागेत तिने आपलं काही लावलं होतं. इतकी वर्षं जे मी मनात मागत होते ते एका दुपारी पडवीत झालं होतं, मी घरी पोहोचायच्या आत धुतलंही गेलं होतं, आणि धुणाऱ्याला मी शाबासकी दिली होती. दादावर रागवावं तर तो माझ्यासाठीच धावला होता. इतकी हळहळ मला आयुष्यात कुठल्याच गोष्टीची वाटलेली नाही.

तुकडे धुऊन मी आईकडे गेले. ती खाटेवर बसली होती. मी ते तिच्या मांडीवर ठेवले.

"आये, हे कुठं लावलं होतंस? दाखव ना. मी परत लावते."

तिने डाव्या हाताने गोळी चाचपली. मग म्हणाली, "तूच... धुवाया... सांगितलंस ना? दादाला?"

"नाय गो आये! मी शाळेत होते. मी बघितलंच नाय काय होतं ते."

"बघितलंच... न्हायस?"

"नाय."

तिचे डोळे माझ्यावरून हलेनात. इतके महिने ती काय समजून बसली होती ते मला तेव्हा कळलं, आणि मला रडू आवरेना. मी प्लाय आणून तिच्यासमोर धरला. म्हटलं, डाव्या हाताने लाव, वाकडं झालं तरी चालेल, मी माती कालवते, शेण घालून कालवते.

तिने त्या चित्राकडे पाहिलं. माझ्यासमोर पहिल्यांदाच नीट, कडेपासून कडेपर्यंत पाहिलं. मग मांडीवरचे तुकडे एकेक करून माझ्या ओंजळीत परत घातले.

"तवा... सन हुता," ती म्हणाली. "आता... कचराच हाय त्यो."

या वेळी ती चिडवत नव्हती.