रॅक झाला की जाऊ

चिखलीच्या रो-हाउसमध्ये राहणारा नंदकिशोर महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीचा साहेब होता, आणि ही क्वालिटी तो संध्याकाळी डब्याबरोबर घरीही घेऊन यायचा. मसाल्याच्या फडताळाला त्याने चिकटवलेली लेबलं बायकोने, नीलिमाने, केव्हाच खरवडून काढली होती. हौस म्हणाल तर त्याला एकच, भामा नदीच्या काठी गळ टाकून बसायची. घरात मासा चालत नसल्यामुळे पकडलेला मासा तो पाण्यात सोडून द्यायचा. न पकडलेलेही त्याने पुष्कळ सोडले होते.

या हौसेत त्याला जोडीदार एकच, मुलगी सलोनी. ती आता नोकरीसाठी जर्मनीला चालली होती. विमान दसऱ्याला पहाटे, आणि परत कधी येणार ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. "बाबा, जायच्या आधी एकदा नदीवर जाऊ," एवढंच तिने मागितलं. नंदकिशोरला भरून आलं. तो तसाच खाली पार्किंगमध्ये गेला, तर रॉड, रिळं, दोरे, सगळं स्कूटरमागे एकमेकांत गुंतलेलं. दुसऱ्या एखाद्या बापाने गुंता सोडवला असता. याने मोजायची टेप आणली.

"आधी याला एक रॅक करू. रॅक झाला की जाऊ."

रॅक फुकटात करायचा होता, हे सांगायला त्याने अख्खी गल्ली पालथी घातली. कंपनीतून मोडक्या पॅलेटच्या फळ्या रीतसर गेटपास करून आणल्या. प्लंबरने गच्चीवर टाकलेले पाइप कापून रॉड उभे ठेवायला नळकांडी केली. बरण्यांची झाकणं फळीला खालून स्क्रूने आवळली, म्हणजे गळ भरलेली बरणी नुसती फिरवून लावायची. इथवर कौतुकच होतं. पण मग त्याच्यातला साहेब जागा झाला. पाइप एका रेषेत नाहीत म्हणून सगळा रॅक खाली उतरला. "रिवर्क," तो गंभीरपणे म्हणाला. सलोनी रोज संध्याकाळी फळी धरून उभी राहायची आणि हातातल्या फळीकडे कमी, बापाकडे जास्त बघायची.

शेजारचे लक्ष्मणराव गावातले जुने. त्यांनी कुंपणावरून डोकावून विचारलं, "सायेब, मासं धरायला जानार हाय का माशांना घर बांधताय?"

"सिस्टीम लागते, लक्ष्मणराव," नंदकिशोर म्हणाला, आणि प्रत्येक रॉडच्या मागे त्याच रॉडची पिवळी बाह्यरेषा रंगवायला घेतली. रंग वाळायचा म्हणून आणखी एक रविवार गेला.

शेवटी रॅक पुरा झाला तो खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. एकच दिवस हाताशी होता. नंदकिशोरने रजा टाकली, नीलिमाने दशम्या बांधून दिल्या. सकाळी सलोनी टोपी घालून खाली आली, तर रॅकला झेंडूची माळ, प्रत्येक रॉडला हळदकुंकू, समोर फोडलेला नारळ, आणि नंदकिशोर हात जोडून उभा.

"झालं? चला," ती म्हणाली आणि तिने रॉडला हात घातला.

"अगं, हां हां!" तो ओरडला. ओरडला आणि मगच त्याच्या लक्षात आलं. खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नसतं. गेल्याच वर्षी कंपनीत पूजेनंतर एकाने स्पॅनर उचलला म्हणून त्याने त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं.

"मग पूजा केलीस कशाला आज?" सलोनीने विचारलं.

"नवीन रॅक आहे ना," तो पुटपुटला.

नीलिमा दशम्यांचा डबा घेऊन पायरीवर उभी होती. "पोरगी चाललीय आणि तुम्ही पाइपांना हळदकुंकू लावताय," ती म्हणाली. "उचला ते रॉड. देव काही तुमच्या कंपनीत नाही."

त्याने हात पुढे केला. केला, आणि मागे घेतला. सलोनीने बघितलं. "राहू दे, बाबा. बॅग भरायचीय अजून," ती म्हणाली आणि वर गेली. तिचा आवाज रागावलेला असता तरी चाललं असतं.

दसऱ्याला विमानतळावरून आल्यावर नंदकिशोरने आंघोळ करून उत्तरपूजा केली. हत्यारं मोकळी झाली. त्याने सवयीने दोन रॉड काढले, फाटकापर्यंत गेला, आणि परत येऊन एक जागेवर ठेवला. रॉड आपल्या पिवळ्या रेषेत अगदी बरोबर बसला.