न घेतलेली बरणी

कतारमधल्या समैस्मा गावच्या त्या घरात दाराशी चपलांसाठी एक लाकडी मांडणी होती. तिच्यावर मी ती बरणी हळूच ठेवली आणि निघालो. काचेची, वीतभर उंच, आत तांबूस माशाचे तुकडे. तेव्हा मला वाटलं, मी फार शहाण्यासारखा वागलो.

ते घर आमच्या इन्स्पेक्टर साहेबांचं. रास लफानच्या गॅस प्लांटवर आम्ही परांची बांधायचो, ते तपासायचे आणि पास झाली की हिरवा टॅग लावायचे. पासपोर्ट कॅनडाचा, पण पहिल्याच दिवशी म्हणाले, "मीसुद्धा इंडियनच."

माझा रूममेट रायगडचा, मी रत्नागिरीचा. तो वयाने मोठा, म्हणून मी त्याला भाई म्हणतो. भाई माझ्या कानात म्हणाला, "तोंडावरून नागालँडचा वाटतो रे."

मी घाबरत घाबरत विचारलं, "सर, कुठलं स्टेट?"

साहेब पोट धरून हसले. "तुमचा इंडिया शोधत जहाजातून निघालेले गोरे वाट चुकले," म्हणाले, "आणि तुमचं नाव आम्हाला चिकटलं." मग सांगितलं की ते गिटक्सान, कॅनडातल्या मूळच्या लोकांपैकी. म्हणजे त्यांच्या नदीची माणसं, आणि त्या नदीच्या नावात धुकं आहे.

मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. कागद समोर आला की मला घाम फुटतो. 'इथे सही कर' म्हटलं की वाटतं, गेली नोकरी. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत कंटेनरच्या सावलीला बसवून मला ड्रॉइंग वाचायला शिकवलं. पहिल्या टॅगवर बांधणारा म्हणून सही करताना माझा हात अडला, तेव्हा म्हणाले, "सही म्हणजे शिक्षण नव्हे. सही म्हणजे 'मी बघितलं', एवढंच." आज मी चार्जहँड, म्हणजे टोळीचा मुकादम आहे तो त्यांच्यामुळे. अल्लाने अशी माणसं रोज भेटवावी.

सुट्टीत त्यांच्या गोष्टी चालायच्या. त्यांच्यात घराणं आईकडून चालतं. मुलं आईच्या कुळाची: कोणी बेडूक, कोणी लांडगा. मोठ्या माणसाचं नाव त्याच्या मुलाला जात नाही, बहिणीच्या मुलाला जातं. नुसतं नाव नव्हे, नावाबरोबर नदीतल्या मासे धरायच्या जागा आणि डोंगर सांभाळायची जबाबदारीही येते.

"मग बापाने काय नुसतं बघत बसायचं?" भाईने विचारलं.

"बापाकडच्यांना कामं असतात," साहेब म्हणाले. "कोणी मेलं की पेटी तेच करतात, खड्डा तेच खणतात."

"म्हणजे सगळीकडे बाप हमालच," भाई म्हणाला. मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा साहेबांना ठसका लागला.

साहेबांचे मामा तिकडे नदीकाठी राहायचे. मासा धुरावर ठेवायचा, मग बरण्यांत भरून शिजवायचा, हे त्यांचं दर उन्हाळ्याचं काम. साहेब मागच्या सुट्टीहून येताना अशा सहा बरण्या कपड्यांत गुंडाळून घेऊन आले होते. एकही फोडली नव्हती. मी सुक्या बोंबलांच्या वासात वाढलेला. मला ती माया समजत होती.

मग मामा वारले. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती उरकायचं शटडाऊन चालू होतं, साहेबांना लगेच जाता येईना. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत ते आमच्यात बसले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "शुक्रवारी माझ्याकडे जेवायला या. तिकडे जाईन तेव्हा सगळ्यांसमोर मला उभं राहावं लागेल. मामाचं नाव माझ्यावर येणार आहे. मामा गेला तेव्हा तू काय केलंस, असं विचारतील. तेव्हा मला सांगता यायला हवं की मीही चार माणसं बसवली, त्यांनी ऐकलं."

जुम्याची नमाज करून आमच्या टोळीतले आम्ही पाच जण गेलो. भात, भाजलेला मासा, सफरचंदं. जेवण झाल्यावर साहेब उभे राहिले आणि मामांबद्दल बोलले: कुठल्या वळणावर जाळं लावायचे, कोणाशी भांडले, कोणाला जेवू घातलं. मग ते नाव म्हटलं. जे मामांचं होतं आणि आता त्यांच्यावर येणार होतं ते. ते नाव मी इथे लिहीत नाही. लिहायचा हक्क मला नाही. त्यात घशाच्या तळातून येणारा एक ख होता. साहेबांनी प्रत्येकाला म्हणायला लावलं. भाईचा ख जिभेवरच घसरला, बाकीच्यांचीही तीच गत. मी लहानपणी मदरशात मौलवींच्या छड्या खाऊन अरबीतला तोच ख घोटलेला. मी म्हटलं आणि साहेबांचे डोळे भरून आले.

"बरोबर," ते म्हणाले. "आमची इंग्रजी शाळेत गेलेली पोरं असं म्हणू शकत नाहीत."

मग त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक टॉवेल, एक कप आणि मामांच्या हातची एकेक बरणी दिली.

आमच्यात मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारी डबे नेतात. तिथून काही उचलून आणायचं नाही, हे आईने लहानपणीच मनावर बिंबवलेलं. त्यात ही बरणी मेलेल्या माणसाच्या हातची. आता अशी पुन्हा होणार नाही. मी कशी घेऊ? मी म्हटलं, "नको सर, तुमच्याकडे राहू दे." त्यांनी पुन्हा पुढे केली. मी म्हटलं, "खरंच नको." त्यांनी ती माझ्या हातातच ठेवली. टॉवेल, कप, बरणी मांडणीवर ठेवून मी बाहेर पडलो.

गाडीत भाई बरणी मांडीवर घेऊन बसला होता. मी म्हटलं, "तुला लाज नाही वाटली?"

"प्रेमाने दिलं तर घ्यावं," तो म्हणाला. "तू काय पीर लागून गेलास?"

रविवारी साइटवर साहेबांनी भाईला विचारलं, "शुक्रवारी काय ऐकलंस?" भाईने मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. नाव म्हणताना पुन्हा घसरला. साहेबांनी मान डोलावली.

मी पुढे होऊन म्हटलं, "सर, मीही ऐकलं." आणि नाव म्हटलं. अगदी बरोबर.

साहेबांनी माझ्या हेल्मेटकडे बघितलं. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. "ऐकलंस," ते म्हणाले. "पण घेतलं नाहीस. आमच्यात कागद नसतो. पाहुणे हाच कागद. दिलेलं घेतलं म्हणजे सही केली, मी साक्षी आहे म्हणून. आणि मागे ठेवलं तर समजायचं, या माणसाला हे मान्य नाही."

मला आईचं सांगणं, तीन दिवसांची चूल, सगळं सांगायचं होतं. ते सगळं इंग्रजीत जुळेना. 'सॉरी सर' एवढंच निघालं. तेवढ्यात क्रेनचा भोंगा वाजला आणि कोणीतरी कामाला चला म्हणून "यल्ला, यल्ला" ओरडलं. म्हटलं, उद्या नीट सांगू. मग वाटलं, आता बरणी मागायची तर ती भीक वाटेल. उद्या, उद्या करत शटडाऊन संपलं आणि साहेब गेले.

ते परत आले नाहीत. नाव घेतलेल्या माणसाला त्या नदीजवळ राहावं लागतं, असं त्यांनी भाईला मेसेजमध्ये कळवलं. तिकडे जेवणावळीच्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर त्यांनी उभं राहून सांगितलं म्हणे की दूर वाळवंटात चार परक्या माणसांनी मामाचं नाव ऐकलं. आम्ही पाच होतो.

मी त्यांना आवाजी मेसेज पाठवायला घेतला होता. आईपासून सुरुवात केली, अडखळलो, पुसून टाकला. नुसतं लिहिलं, 'सर, तुमच्यामुळे मी माणसांत आलो.' त्यांनी हात जोडल्याची खूण पाठवली.

भाईने त्याची बरणी ईदला फोडली. अर्धा मासा माझ्या ताटात वाढला. धुराची चव होती, आमच्या सुकटीहून गोड. "आता तरी खा, साक्षीदारा," तो म्हणाला. मी खाल्लं. पण ती त्याची बरणी होती.

अजून कधी कधी कंपनीच्या बसमध्ये भाई मुद्दाम ते नाव काढतो. चुकीचं म्हणतो. मी सुधारतो. तो पुन्हा चुकवतो आणि हसतो. त्याचं चुकीचं तिकडे धरलं गेलं आहे, माझं बरोबर कोणी धरत नाही.